सात शिलिंगांचे जेवण

दिवाळी अंकात युरोपचे एक प्रवासवर्णन असायचेच. फराळाच्या ताटात चकली असावी तसे. मी ती आवडीने वाचतो. पण वाचता वाचता एक शंका मनात येते. ह्या प्रवाशांना कधी कोणाची भीड म्हणून पडत नाही काय? बोटीवर, गाडीत, खाणावळीत, जिथे जातील तिथे त्यांची ओळख होते, गप्पा रंगतात. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हा तर ह्या जातीच्या लेखनाचा कळसच. त्यात लंडन आहे, पॅरिस आहे. आणि सोबतीला सुनीताबाई आहेत. तिथे परके शहर पाहता पाहता मैफलीत येऊन बसते. ते पुस्तक कितीही वेळा वाचावे. परंतु परक्या शहरात एकटा उतरलेला, रस्ता विचारण्याआधी तीनदा मनात वाक्य जुळवणारा बुजरा माणूस त्यात कसा सापडणार?

तो मला सापडला भलत्याच ठिकाणी, गांधीजींच्या आत्मकथेत. ती मूळ गुजरातीत ‘नवजीवन’ पत्रातून १९२५ ते १९२९ ह्या काळात क्रमशः आली. मराठीत ती आणली सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांनी, म्हणजे कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे आप्पा पटवर्धन. आम्हा कसालकरांना कणकवली म्हणजे शेजारच. पायखाने, चामडे आणि खत ह्या कामांत हयात घालवणाऱ्या ह्या माणसाच्या लेखणीतून आयफेल मनोरा आमच्या भाषेत उतरावा, ही मौज मला फार गोड वाटते.

पॅरिसचे प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचे आहे. प्रदर्शन पाहायला विशीतला मोहनदास लंडनहून तिकडे गेला. (आत्मकथेत साल १८९० दिले आहे; प्रदर्शन भरले होते १८८९ च्या मे ते ऑक्टोबरात. पस्तीस वर्षांनी आठवून लिहिताना एवढा फरक पडायचाच.) शाकाहारी खाणावळ असल्याचे कळले होते, तिथेच खोली घेतली, सात दिवस राहिला. हातात शहराचा नकाशा आणि प्रदर्शनाची मार्गदर्शिका. हिंडणे बहुतेक पायी.

आता त्यात काय नाही ते पाहा. सात दिवसांत पॅरिसमधल्या एकाही माणसाशी संवाद नाही. खाणावळवाल्याचा चेहरा नाही, वाटेत भेटलेला कोणी गृहस्थ नाही. काही प्रकरणांपूर्वी युरोपात हिंडायला फ्रेंच यायला हवे असे ह्याच तरुणाच्या मनात आले होते. पॅरिसमध्ये त्या भाषेचा एक शब्द कानी पडल्याची नोंद नाही. शाळेत हा भाग शिकवताना काटकसरीवर बोट ठेवतात. नकाशा कोणाला रस्ता विचारावा लागू नये म्हणूनही हाती घेतात, हे ज्याने असा प्रवास केला आहे त्याला सांगायला नको. आपल्या लाजाळूपणावर गांधीजींनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. बोटीवर इंग्रजी बोलायची भीती वाटून ते बहुधा केबिनमध्येच बरोबरचा खाऊ खात, हेही त्यांनीच सांगितले आहे. तोच मुलगा पॅरिसला गेला होता हे आपण विसरतो.

आणि मग तिथली देवळे. प्रदर्शनाची त्यांना भव्यता व विविधता एवढीच आठवण राहिली. पण नोत्र दामची कारागिरी, आतली शांतता, मूर्तीपुढे गुडघे टेकलेली माणसे हे सारे ते जिव्हाळ्याने सांगतात. भक्तिभाव तर आहेच. शिवाय देऊळ ही परक्या शहरातली अशी जागा, की तिथे गप्प बसलेल्या माणसाला कोणी वेडा ठरवीत नाही.

माझी तक्रार शेवटच्या भागाबद्दल आहे. तिथे टॉलस्टॉय येतात, मनोरा मानवाच्या मूर्खपणाचे स्मारक ठरतो, आणि आपण सारे खेळण्याला भुलणारी पोरे आहोत असा निकाल लागतो. हा निकाल पन्नाशी उलटलेल्या महात्म्याचा. वीस वर्षांचा मोहनदास मात्र त्या मनोऱ्यावर दोन-तीनदा चढला होता! ज्याला मूर्खपणा म्हणायचे त्यावर कोणी तिसऱ्यांदा चढत नाही. इथे वडीलधारा लेखक आपल्याच तरुणपणाचा कान पिळतो आणि प्रकरणाचा रस थोडा उतरतो. टॉलस्टॉयचे मत चूक की बरोबर हा वाद निराळा. ते मत त्या सात दिवसांतले वाटत नाही, एवढेच माझे म्हणणे.

सुदैवाने एक वाक्य त्या निकालातून सुटले आहे. मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर खाणावळ होती. एवढ्या उंचीवर जेवलो असे म्हणता यावे म्हणून त्यांनी तिथे सात शिलिंग घालवले. ‘घालवले’ ह्यात पश्चात्ताप आहे, पण कारण प्रामाणिकपणे दिले आहे. हिशेब करून पाहा. ह्याच लंडनवासात एका काळी त्यांनी आपला दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणला होता. त्या मानाने हे साडेपाच दिवसांचे पैसे एका जेवणात गेले. आणि विकत काय घेतले? सांगायला एक वाक्य! बोलक्या प्रवाशाला त्याची गरज नसते, त्याच्या पोतडीत शंभर गोष्टी असतात. बुजऱ्याला मात्र परतल्यावर लोक विचारणार, आमच्याकडे कसालच्या तिठ्यावर गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात तसे, “काय काय बघलंस रे?” तेव्हा पुढे करायला त्याच्याजवळ एक तरी खणखणीत नाणे हवे. सारा आठवडा गप्प राहिलेल्या त्या मुलाने ते मोठी किंमत देऊन मिळवले. आपल्या प्रवासवर्णनांच्या ढिगात एकट्या प्रवाशाच्या मनाचा इतका खरा तपशील मला दुसरा आढळला नाही.

लंडनला परतल्यावर त्याने ते वाक्य कोणाला ऐकवले की नाही, हे प्रकरणात आलेले नाही.