‘सांभाळून घ्या’ आणि चेकचा फोटो

मदतनिधीच्या प्रत्येक गाण्याच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास येतं. ‘आम्ही काही कसलेले गायक नाही, पण हेतू चांगला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.’ निवेदिका हे म्हणते, लोक हसून टाळ्या वाजवतात, आणि पुढचे दोन तास समीक्षेला सुट्टी मिळते. मला या वाक्याबद्दलच लिहायचंय. ते नम्र वाटतं. पण त्याच्या आत एक सौदा आहे, आणि त्या सौद्याची किंमत गाणाराही देत नाही, ऐकणाराही देत नाही.

मी लांबून बोलत नाहीये. लोणी काळभोरला सोलापूर रोडलगतच्या एका सोसायटीत राहतो आणि तिथल्या समूहगानाच्या गटात गातो. आम्ही पंचवीसेक जण आहोत. माझ्यासारखे लॅपटॉपवाले, दोन शिक्षिका, तेलाच्या डेपोतून निवृत्त झालेले एक काका, हार्मोनियम शिकलेल्या एक काकू. गेल्या हिवाळ्यात आम्ही कार्यक्रम केला. परिसरातल्या मजुरांच्या मुलांसाठी अभ्यासिका उभी करायची, तिच्यासाठी पैसे जमवायचे होते. हॉल भरला. पैसेही बरे जमले. आता गाण्याबद्दल बोलू, कारण त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

चौदा गाणी होती आणि सगळी ट्रॅकवर. ट्रॅक हा समूहगानाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. तो थांबत नाही, श्वास घेत नाही, पंचवीस माणसांचं ऐकत नाही. समूह एकमेकांना ऐकून एकत्र येतो. आम्ही स्पीकरकडे कान लावून धावत होतो. दुसरा प्रश्न पट्टीचा. बायकांना साधारण काळी चार-पाच सोयीची, पुरुषांना काळी एक-दोन. मूळ गाणं लताबाईंचं असेल तर ट्रॅक त्यांच्या पट्टीत, आणि मागच्या रांगेतले पुरुष वरच्या सुरांना नुसते ओठ हलवतात. तिसरा प्रश्न माइकचा. चार ‘लीड’ गायकांच्या हातात एकेक माइक आणि उरलेल्या एकवीस जणांत मिळून दोन. म्हणजे हॉलमध्ये ऐकू आले ते चार एकल गायक, आणि त्यांच्यामागे सारख्या रंगाच्या कुर्त्यांची भिंत. याला समूहगान म्हणायचं का?

मग शेवट. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती मुलं पहिल्या रांगेत बसवलेली. त्यांना मंचावर बोलावलं, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या चेकमागे उभं केलं, फोटो काढले. रात्री ग्रुपवर एकशे सत्तर मेसेज, सगळे ‘अप्रतिम’. त्या फोटोत मला एक गोष्ट खटकत राहिली. ‘सांभाळून घ्या’ हे आम्ही कुणाच्या जिवावर म्हटलं? या मुलांच्या. त्यांची गरज ही आमच्या कच्च्या तयारीची ढाल झाली. उद्या कुणी म्हणालं की तिसरं गाणं घसरलं, तर उत्तर तयार: अहो, गरीब मुलांसाठी होतं ना!

मदतीसाठी गायचं म्हणजे ऐकणाऱ्याने कान बंद करायचे, असा आपल्याकडचा रिवाज नाही. मराठीतला सगळ्यात गाजलेला मदतीचा प्रयोग आठवा. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी एका मंचावर आले. एक धैर्यधर, दुसरा भामिनी. तिकिटं तेव्हाच्या मानाने प्रचंड महाग. हेतू तर असा, की ज्याच्यापुढे कुणीही मान तुकवावी. तरी प्रेक्षक हेतूला टाळ्या द्यायला आले नव्हते, दोघांना शेजारी शेजारी जोखायला आले होते. कोण सरस ठरलं, हा वाद लोक पुढे कितीतरी वर्षं घालत राहिले. फंडाला पैसे मिळाले, कारण गाण्याला किंमत होती. क्रम बघा: आधी गाणं, मग मदत.

युरोपातही हेच दिसतं. हँडेलचा ‘मसाया’ पहिल्यांदा गायला गेला तो 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये, मदतीसाठीच. त्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या 142 जणांची सुटका झाली. जास्त लोक मावावेत म्हणून बायकांनी घेरदार घागरे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती केली होती. ‘सांभाळून घ्या’ अशी केली नव्हती.

तुम्ही म्हणाल, ते मातब्बर लोक. हौशी माणसांना हे माप कसं लावणार? कबूल. म्हणून हौशी माणसांचंच उदाहरण घेऊ, आणि ते आमच्या दारातलं आहे. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरला मुक्कामाला येते. तेव्हा या रस्त्यावरून जे गाणं जातं ते शंभर टक्के हौशी असतं. शेतकरी, गवंडी, शिक्षक, आजीबाई. कुणाची ऑडिशन झालेली नसते. पण दिंडी ऐका. मधे वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग. एक जण चाल उचलतो, बाकीचे ध्रुपद घेतात. ध्रुपद परत परत येतं, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या वेळी ऐकतो, दुसऱ्या वेळी गुणगुणतो, तिसऱ्या वेळी गातो. एखाद्याचा आवाज फुटला तरी रांग तो झाकून घेते. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर पडला म्हणून सिस्टिम पडत नाही. ही रचना कच्च्या गळ्यांचा विचार करूनच घडली आहे. इथे माणसांना सांभाळून घेण्याचं काम रचना करते, श्रोत्यांकडे विनवणी करावी लागत नाही. श्रोता तसा नसतोच. रस्त्याकडेला उभा असलेला माणूसही टाळी धरतो आणि गाण्यात येतो.

वारीत तक्रारीलाही जागा आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत जमतात, चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि मगच आरती पुढे सरकते. हजारोंच्या शांततेत वाजणाऱ्या त्या टाळांना कुणी ‘निगेटिव्ह’ म्हणत नाही. आमच्या ग्रुपवर ‘पुरुषांना पट्टी झेपली नाही’ असं लिहिणारा माणूस मात्र लगेच रसभंग करणारा ठरतो.

मराठीत हौशी समूहासाठी विचार करणारे संगीतकारही झाले. ‘दो आँखें बारह हाथ’चे वसंत देसाई यांनी ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून शाळकरी मुलांना समूहगान शिकवलं. त्यात घेण्यासारखी मुख्य गोष्ट ही, की समूहासाठी गाणं वेगळं निवडावं लागतं. आवाका कमी, शब्द सुटे, ठेका पायाला कळणारा. चित्रपटातलं एकल गाणं पंचवीस जणांनी म्हटल्याने त्याचं समूहगान होत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो आमच्या काकूंनीच घेतला. ‘अरे, मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले. तू त्याचं माप काढणार?’ त्यांचा आनंद खरा आहे आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण तो तालमीत जास्त होता, हे त्याही मान्य करतात. गुरुवारी रात्री हार्मोनियमवर, ट्रॅक नसताना, सगळे एकमेकांकडे बघत गायचो तेव्हा काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा. कार्यक्रमात आला नाही. त्यांच्यावर अन्याय समीक्षेने केला की दोन माइकांनी?

यंदाच्या कार्यक्रमासाठी मी गटापुढे चार गोष्टी मांडल्या आहेत. ट्रॅक नको, हार्मोनियम, ढोलकी, टाळ. चौदाऐवजी सहा गाणी, सगळ्यांना झेपेल अशा पट्टीत. चेकचा फोटो नको, पैसे बँकेतून जातील. मुलांना यायचं असेल तर प्रेक्षक म्हणून येऊ देत, आणि आवडलं नाही तर कंटाळू देत. पहिल्या तीन गोष्टींवर वाद चालू आहे. चौथीवर कुणी काही बोललं नाही. ‘सांभाळून घ्या’ हे वाक्य निवेदनातून काढायचं की नाही, हा विषय या गुरुवारच्या तालमीत आहे.