‘मन धावतंया’ : गाण्यातलं नपुंसकलिंग

2025च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, रत्नागिरीच्या राधिका भिडे हिने ‘आय-पॉपस्टार’ या ओटीटीवरच्या स्पर्धेत स्वतः बांधलेलं एक मराठी गाणं म्हटलं. समोरचे मार्गदर्शक हिंदी-पंजाबी पॉपमधले. त्यांना शब्द कितपत कळले असतील कोण जाणे, पण गाणं पोचलं, आणि काही दिवसांत ‘मन धावतंया’ घराघरांतल्या फोनवर वाजू लागलं. कौतुक भरपूर झालं. कोकणची मुलगी, कोकणचा गोडवा, मराठीचा झेंडा. ते कौतुक तिला मिळायलाच हवं होतं. मात्र त्यात गाण्याविषयी फारसं काही नव्हतं. इथे मला गाण्याविषयीच बोलायचं आहे, आणि तेही मुख्यतः शीर्षकातल्या दोन शब्दांविषयी.

मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही. कर्वेनगरातल्या घरी बसून गेली वीसेक वर्षं मराठी गाण्यांतली क्रियापदं वहीत उतरवून ठेवण्याचा उद्योग करते. गीतसंग्रह, तबकड्यांची वेष्टनं, कॅसेटच्या आतले घडीचे कागद हे माझं ग्रंथालय. त्या सवयीने हे गाणं ऐकलं तेव्हा कान पहिल्यांदा अडकला तो ‘धावतंया’वर.

हे रूप कोकणचं नाही. मालवणीत मन ‘धावता’. संगमेश्वरी बोलीचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन-जाखडीतून ऐकू येणाऱ्या बोलीचा, हेल आणखी निराळा. ‘येतंया’, ‘करतंया’, ‘धावतंया’ ही घाटावरची रूपं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. मग रत्नागिरीच्या मुलीच्या तोंडी ती आली कुठून? माझं उत्तर असं, की ती कुठल्या गावातून आलेली नाहीत, गाण्यांतूनच आली आहेत. ‘सांगत्ये ऐका’ (1959) साठी गदिमांनी, ‘पिंजरा’ (1972) साठी जगदीश खेबुडकरांनी लिहिलं, आणि पुढे 2016 साली ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी. या सगळ्यांतून मराठीत एक ‘गाणेबोली’ तयार झाली आहे. ती रोज कुणी बोलत नाही, पण गाते सगळी मराठी माणसं. नागपूरची मुलगी, पनवेलचा मुलगा, न्यूजर्सीत वाढलेली भाची, सगळ्यांना ‘लागलंया’चा अर्थ आणि सूर दोन्ही कळतात.

तिचा फायदा गायिकेला लगेच कळतो. प्रमाण मराठीतलं ‘धावतंय’ व्यंजनापाशी मिटतं. ‘धावतंया’ उघड्या ‘आ’वर संपतं, आणि स्वर तिथे हवा तितका रेंगाळू शकतो. शाहिरांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. लावणीतल्या ‘गं’ आणि ‘जी’ची तरी दुसरी कामगिरी कुठली?

पण केवळ सोयीपुरतं हे नाही. प्रमाण मराठीने प्रेमासाठी भावगीत घडवलं. अरुण दात्यांच्या स्वरातलं, पाडगावकर-खळ्यांचं ‘शुक्रतारा’ हा त्याचा उत्तम नमुना. त्यात प्रेम असतं, ते हळवं असतं, आणि सहसा घरातल्या मोठ्यांसमोर गाता येईल असं असतं. ओढ, अंगातली तगमग, असलं काही आलं की मराठी गाणं गावाकडचा पेहराव चढवतं. शिकलेल्या, शहर पाहिलेल्या आजच्या मुलीलाही मनातलं सांगताना घाटावरची गाणेबोलीच उसनी घ्यावी लागते, याचा मला आनंद होतो की वाईट वाटतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

आता दुसरा शब्द : मन. मराठीत ‘मी’ला लिंग नसतं, पण वर्तमानकाळातल्या त्याच्या क्रियापदाला असतं. मी हा लेख लिहिते आहे, एवढं म्हणताच मी बाई असल्याचं तुम्हाला कळलं. इंग्रजी पॉपमधल्या ‘आय’ला ही अडचण नाही. म्हणून मराठीत प्रेमगीत लिहिणाऱ्याला पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं, धावतो की धावते. आणि इथे आपल्या परंपरेतली एक गंमत आहे. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांपर्यंत ‘मी’चं स्त्रीलिंगी क्रियापद पुरुषांनी मनमुराद वापरलं. बायकांची स्वतःची ‘मी’ होती ती जात्यापाशी. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांतली बाई भावाविषयी, लेकराविषयी, माहेराविषयी, विठ्ठलाविषयी मोकळेपणाने बोलते. पुरुषाच्या ओढीविषयी बोलायचं तर बहुधा आडून.

राधिका भिडे स्वतः लिहिते, स्वतः गाते, आणि मुखड्यात ‘मी’ म्हणतच नाही. धावतं ते मन. मन नपुंसकलिंगी. कबुली पूर्ण आहे, पण कबूल करणारी व्यक्ती एक पाऊल मागे उभी. रामदासांनी मनाला उपदेश केला, बहिणाबाईंनी त्याला मोकाट गुरासारखं पाहिलं. मनाला वेगळा प्राणी मानण्याची ही रीत जुनीच आहे. या मुलीने ती प्रेमगीताच्या कामी लावली. तिला हे व्याकरण सुचलं की नुसतं कानाला बरं वाटलं, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. परिणाम दिसतो. जानेवारीत आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात अकरावीतल्या एका मुलाने हे गाणं म्हटलं, एकही अक्षर न बदलता. ‘मी धावते’ असतं तर त्याला शब्द बदलावा लागला असता, किंवा टोमणे ऐकावे लागले असते.

चाल साधी आहे. मुखडा एकदा ऐकून म्हणता येतो, आणि हे पॉप गाण्यातलं अवघड काम आहे. आवाज फेकून मारलेला नाही. तमाशाच्या बोर्डावर जी बोली खणखणीत येते ती इथे कुणाच्या तरी कानाशी बोलल्यासारखी येते. गाण्याचा नवेपणा मला या विसंगतीत सापडतो. उणीव सांगायची तर मुखड्याच्या तोडीचं पुढे काही येत नाही. धावणारं मन शेवटीही तिथेच धावत असतं, पोचत नाही की दमत नाही. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये ते खपून जातं. खेबुडकरांचा अंतरा मुखड्याला काहीतरी नवीन सांगायचा. ती अपेक्षा मी सोडायला तयार नाही.

मराठीत गाणं बांधणाऱ्या बायका थोड्या. खुद्द लता मंगेशकरांनी भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963) पासून ‘तांबडी माती’ (1969) पर्यंतच्या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने, आणि तेही पुल्लिंगी. त्यांच्या चाली असामान्य होत्या, तरी लोकांनी त्यांना गायिका म्हणूनच मागितलं. हा धोका राधिकासमोरही आहे. गाणं गाजल्याबरोबर तिला ‘उत्तर’ या चित्रपटात ‘हो आई’ हे गाणं मिळालं. ते ती छान गायली आहे, पण शब्द क्षितिज पटवर्धन यांचे, चाल अमितराज यांची. चित्रपटाला गोड गळ्यांची कमतरता कधीच नव्हती.

मला तिच्या पुढच्या स्वतःच्या गाण्यांची क्रियापदं वहीत उतरवायची आहेत. घाटावरची उसनवारी तिने एकदा केली, फळली. संगमेश्वरीत मनाला काय म्हणतात, तिथली मुलगी धावते तेव्हा कुठल्या प्रत्ययाने धावते, हे अजून कुठल्या गाजलेल्या प्रेमगीतात आलेलं माझ्या वह्यांत नाही. ते पान मी कोरं ठेवलं आहे.