मूळ भाषेचा शोध की मुळाचा अभिमान?

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पालीस हा मान मिळाल्याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु तेव्हापासून पुण्यातील अभ्यासवर्गांतून एक विधान वारंवार कानी येते : ‘पाली हीच सर्व भाषांची जननी होय.’ ज्या शहरात ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, तेथे असे प्रत्युत्तर निघावे हे समजण्यासारखे आहे. तथापि समजण्यासारखे असणे आणि सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी होत. म्हणून या विधानाची चिकित्सा आम्ही येथे करीत आहोत.

हा दावा नवा नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात अट्ठकथा रचणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी ‘संमोहविनोदनी’ या विभंगाच्या अट्ठकथेत मागधी ही मूळ भाषा मानली आहे. आई दमिळ व वडील आंध्र असलेले मूल जी भाषा आधी ऐकेल ती बोलेल. पण कोणतीच भाषा कानी न पडलेले मूल आपोआप मागधी बोलेल, असे ते म्हणतात. इतर भाषा पालटतात, मागधी पालटत नाही, असेही त्यांचे मत आहे. आचार्यांविषयी पूर्ण आदर राखूनही आम्हास म्हणावे लागते की, ‘देवभाषा’ या कल्पनेची आणि या कल्पनेची घडण एकच आहे. तथागतांची दृष्टी निराळी होती. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात एकाच पात्राला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे असल्याचे सांगून, आपल्याच प्रदेशाच्या शब्दाचा हट्ट धरू नये, असा उपदेश आहे. बुद्धवचन छंदसात बांधण्याची अनुज्ञाही तथागतांनी नाकारली, हे चुल्लवग्गावरून सर्वश्रुत आहे.

आता भाषांचे नाते सिद्ध कसे होते ते पाहू. १७८६ मध्ये कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसावा, असे प्रतिपादन केले. याचा अर्थ संस्कृत ही या कुलात जननी नसून भगिनी ठरते. १८५६ मध्ये बिशप कॉल्डवेल यांनी द्राविडी भाषांचे स्वतंत्र कुल तौलनिक व्याकरणाने मांडले. अशा सिद्धतेचा आधार शब्दांचे सुटे साम्य हा नसून ध्वनींची नियमित जुळणी हा असतो. संस्कृत ‘पितृ’ व इंग्रजी ‘फादर’, ‘पाद’ व ‘फूट’ यांत ‘प’च्या जागी ‘फ’ वारंवार आढळतो; म्हणून तेथे नाते मानावे लागते. उलट फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ उच्चाराने व अर्थाने जवळचे असूनही त्यांचा संबंध नाही.

या कुलांच्याही मागे एक महाकुल होते काय? डॅनिश पंडित पेडरसन यांनी १९०३ मध्ये त्यास ‘नॉस्ट्रॅटिक’ असे नाव दिले. १९६० च्या दशकात मॉस्कोतील इलिच-स्वितिच व डोल्गोपोल्स्की यांनी भारोपीय, द्राविडी, उरली इत्यादी कुले त्यात एकत्र आणण्याचा परिश्रमपूर्वक प्रयत्न केला. बहुसंख्य भाषावैज्ञानिकांनी तो मान्य केला नाही. काळ जितका दूरचा तितके शब्द झिजतात आणि योगायोग व वारसा यांतील भेद पुसट होतो. शिवाय शेजारानेही साम्य येते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, उर्दू व कन्नड यांची वाक्यरचना सहवासाने किती एकरूप झाली, हे गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखविले. आपल्या मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेदही द्राविडी सहवासाचे फळ मानला जातो. त्यावरून मराठी द्राविडी कुलातील ठरत नाही.

याच कसोटीवर पुण्याचे श्री. विश्वनाथ खैरे यांचा ‘संमत’ विचार, म्हणजे संस्कृत, मराठी व तमिळ यांच्या मूळ नात्याचा विचार, पाहावयास हवा. ‘द्रविड महाराष्ट्र’ व ‘अडगुलं मडगुलं’ या ग्रंथांतून त्यांनी बडबडगीते व लोकदैवते यांकडे तमिळच्या आधारे पाहिले. बहुजनांच्या बोलीत इतिहास शोधावा, ही त्यांची दृष्टी मोलाची आहे. परंतु एकेक शब्द घेऊन लावलेली व्युत्पत्ती, तिच्यामागे नियमित ध्वनिनियम नसेल तर, रम्य अनुमान राहते. सिद्धांत होत नाही.

हाच न्याय आम्ही आपल्या घरीही लावला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाग व द्रविड एकच असून तमिळ ही एके काळी भारतभर पसरलेली नागांची भाषा होती, असे मत मांडले. बलुचिस्तानातील ब्राहुई भाषा किंवा कांदिवली, डोंबिवली या ग्रामनामांतील द्राविडी ‘पल्ली’चा अवशेष यांवरून द्राविडी भाषांचा पूर्वीचा विस्तार आजच्याहून मोठा होता, हे संभवनीय दिसते. तथापि तमिळ ही स्वतः त्या कुलातील एक कन्या आहे. ती भारतभर बोलली जात होती, हे सिद्ध झालेले नाही. दुवे तुटलेले असता ते तर्काने जोडावे लागतात, याची जाणीव बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेतच दिली आहे. त्यांच्या अनुमानाला धर्मग्रंथाचे स्थान देणे, ही त्यांच्याच पद्धतीची अवहेलना होय. शिवाय १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये, भाषेच्या नात्यावरून वंश ठरविता येत नाही, हे त्यांनीच बजाविले होते.

शेवटी आपल्याच राज्यातील एक भाषा. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात निहाली बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितले जातात. कोरकू, मराठी व द्राविडी शब्द वेगळे काढल्यावर जो गाभा उरतो, त्याचे नाते कोणत्याही ज्ञात कुलाशी सिद्ध झालेले नाही. काहींनी ते जपानच्या ऐनूपर्यंत नेऊन पाहिले. डच पंडित कायपर यांनी ती चोरट्यांची सांकेतिक बोली असण्याची शक्यताही वर्तविली. ज्यांचे मूळ सापडत नाही त्यांच्यावर संशय घेण्याची ही रीत आपल्या समाजाला अपरिचित नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनी निहालीच्या दस्तऐवजीकरणाचे काम केले आहे. महाकुलाच्या कल्पनेपेक्षा ते आम्हास अधिक मोलाचे वाटते.

निहालीला जननी सापडली नाही, म्हणून त्या भाषेत आई लेकराशी बोलावयाची थांबत नाही. वासेट्ठ सुत्ताने माणसाची योग्यता जन्मावर नव्हे, कर्मावर ठरविली. भाषेलाही तोच न्याय लावावा. पालीचा गौरव ती कोणाची जननी आहे यात नाही. तिच्यात जे सांगितले गेले त्यात आहे. अभ्यासवर्गांतील उपासक-उपासिकांनी ती त्यासाठी शिकावी, एवढीच आमची विनंती आहे.