भारनियमनाचे निकष आणि समन्यायी वाटप : महाराष्ट्राच्या धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

विजेचा तुटवडा ही केवळ तांत्रिक घटना नसते. पुरवठा अपुरा पडला की कोणाची वीज प्रथम बंद करावयाची, हे कोणास तरी ठरवावे लागते. आणि हा निर्णय मूलतः न्यायाचा असतो. महाराष्ट्र राज्याने तो कोणत्या निकषावर घेतला, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

पार्श्वभूमी

दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. परंतु महागड्या विजेचा भार असह्य झाल्याने राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये तेथील खरेदी थांबविली. मागणी वाढत राहिली, त्या प्रमाणात नवी क्षमता मात्र उभी राहिली नाही. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा ग्रामीण भागात दररोज अनेक तासांचे भारनियमन नित्याचे झाले होते.

हानीचा निकष

भारनियमनाचे तास ठरविताना वितरण व वसुलीतील हानी हा प्रमुख आधार मानण्यात आला. जेथे गळती, चोरी व थकबाकी अधिक, तेथे वीज अधिक काळ बंद, असे हे सूत्र होते. त्यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही : चोरीचा भुर्दंड प्रामाणिक भागांनी का सोसावा?

तथापि, या सूत्रात शिक्षेचे एकक ग्राहक नसून फीडर आहे. नियमित देयक भरणारा ग्राहक शेजाऱ्याच्या थकबाकीसाठी अंधारात बसतो. शिवाय सर्व हानी चोरीमुळे होत नाही. विरळ वस्तीत लांबवर नेलेल्या लघुदाब वाहिन्यांवर तांत्रिक हानी स्वभावतःच अधिक असते. अनेक कृषिपंपांना मीटर नसल्याने शेतीचा वापर किती व गळती किती, हेही अंदाजानेच ठरते. म्हणजे अंदाजाच्या पायावर शिक्षा उभी राहते.

पुण्यातील प्रयोग

२००६ मध्ये पुण्यात उद्योगांची स्वतःची जनित्रे चालवून तूट भरून काढण्यात आली व जादा खर्च ग्राहकांकडून आकारण्यात आला. इतरांच्या वाट्याची वीज न घेता शहर भारनियमनमुक्त झाले, हे या प्रयोगाचे यश होय. परंतु जेथे उद्योग व क्रयशक्ती दोन्ही नाहीत, त्या तालुक्यांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. टंचाईतून सुटका ही ऐपतीची बाब ठरली.

आणीबाणी की प्रघात?

एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई व उन्हाळ्याची वाढती मागणी एकत्र आल्यावर भारनियमनासाठी पुन्हा अधिक हानीचे फीडरच पुढे आले. तात्पुरता उपाय प्रघात बनल्याचे हे लक्षण आहे. वीज कायदा २००३ च्या कलम २३ मध्ये नियामक आयोगास पुरवठ्याचे नियमन करण्याचा अधिकार देताना समन्यायी वाटपाचा उद्देश स्पष्ट नमूद आहे. वसुलीची शिस्त हा त्या उद्देशाचा पर्याय होऊ शकत नाही.

समारोप

चोरीविरुद्ध कारवाई व टंचाईतील वाटप ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले व्यक्तीविरुद्ध, पुराव्याच्या आधारे व्हावे. दुसरे पाणीपुरवठा, रुग्णालये, पिकांची निकड यांसारख्या गरजांच्या क्रमाने, पूर्वसूचनेसह व्हावे. हा क्रम टंचाईपूर्वीच, जाहीर चर्चेतून निश्चित होणे म्हणजेच नियोजन. अन्यथा आणीबाणीच्या नावाखाली केवळ वसुली चालते.