वायडीएम-४: पूर्णेचा काळा धूर

वालूरहून सेलूला येऊन गाडी धरायची, परभणी मागे टाकायची आणि पूर्णेला उतरून अकोल्याच्या मीटरगेजकडे सामान घेऊन पळायचं. २००८मध्ये तिथं ब्रॉडगेज झाली, त्याआधी हा प्रवास ज्यांनी केला त्यांना वायडीएम-४ची ओळख करून द्यायला नको. ब्रॉडगेजच्या थोराड डब्यांतून उतरल्यावर हे इंजिन अंगानं बारकं दिसायचं. जवळ गेलं की मात्र पायाखालचा फलाट थरथरायचा.

अमेरिकेच्या अल्को कंपनीनं १९६१च्या सुमारास ते आपल्याला दिलं. १९६८पासून ते वाराणसीत घडू लागलं. सहा सिलिंडर, सुमारे १४०० अश्वशक्ती, वजन साधारण ७२ टन. आणि हा सगळा भार फक्त एक मीटर रुंदीच्या रुळांवर!

हेच कोडं जपानलाही पडलं होतं. तिथले जुने रूळ १०६७ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्याहून जेमतेम चार बोटं रुंद. १९६२मध्ये आलेल्या त्यांच्या डीडी५१नं वेगळी वाट धरली. चालकाची खोली मधोमध, दोन्ही अंगांना एकेक इंजिन, आणि ताकद चाकांपर्यंत पोचवायची ती तेलाच्या प्रवाहातून. १९७८पर्यंत अशी ६४९ इंजिनं बनली. होक्काइदोत निळ्या रंगाची जोडी रात्रीची गाडी ओढायची. तिची छायाचित्रं मी तासन्‌तास पाहिली आहेत. तोल असावा तर असा.

तरी माझं मन वायडीएम-४कडेच ओढ घेतं, कारण त्याचे कष्ट ऐकू येतात. डिझेल इंजिन जनित्र फिरवतं, त्या विजेवर सहाही आसांच्या मोटरी चालतात. गाडी सुटताना चालक पहिला नॉच, म्हणजे ताकदीची पहिली पायरी, देतो. आधी नुसता हुंकार, मग कपलिंगा एकामागून एक ताणल्याचा खडखडाट थेट गार्डाच्या डब्यापर्यंत जातो. नॉच वाढतो. डिझेल लगेच जास्त येतं, पण हवा पुरवणारा टर्बो अजून वेगात आलेला नसतो, हवा कमी पडते, आणि धुराड्यातून काळाकुट्ट लोट उसळतो. चारदोन क्षणांत टर्बोची शीळ चढते, धूर विरतो, ठोके एका लयीत बसतात. ते चारदोन क्षण मला सगळ्यांत प्रिय. गायकाला सूर सापडण्याआधीचा तो श्वास असावा, तसे.

इंजिन नुसतं उभं असतानाचा त्याचा खर्जही विसरता येत नाही. वालूरच्या चक्राकार बारवेत खाली उतरून कुणी हाक मारली की आवाज जसा घुमत वर येतो, तसा तो खर्ज पूर्णेच्या पत्र्याच्या छपराखाली घुमत राहायचा.

पुढे आपले रूळ रुंद झाले. यातली काही इंजिनं म्यानमारला गेली. तिथले रूळ एक मीटरचेच.