आवई आणि संपादक

वार्तेची कठोर परीक्षा महाडने फार पूर्वी पाहिली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. थोड्याच वेळात आवई उठली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आणि परिषदेस आलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्यांची बाजू मांडणारे ‘बहिष्कृत भारत’ निघाले ते ३ एप्रिल रोजी. आवईस घटका पुरली. उत्तरास पंधरवडा लागला.

आज महाड-पोलादपुरात ज्याच्या हाती मोबाईल, त्यास व्हॉट्सॲप-फेसबुकने दवंडी पिटण्याचा अधिकार दिला आहे. हा लाभ लहान नव्हे. १९२० साली ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, असा द्वारपाल आता वाट अडवू शकत नाही. तथापि द्वारपालाबरोबर संपादकही बाजूस सरला, आणि छापल्या शब्दाचा जाब देणारे नाव नाहीसे झाले. पुढे धाडलेल्या मजकुरास धनी नसतो. राजकारणावर बोलणारे वाढले खरे; जबाबदारीने बोलणारे वाढले, असे म्हणवत नाही. ज्यास दवंडीचा अधिकार मिळाला, त्याने संपादकाचे कर्तव्यही पत्करले पाहिजे. एरवी आवईस आता घटकाही लागणार नाही.