सुजलेली जीभ आणि उच्चारपरीक्षा

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातावर अल्टेप्लेस हे गुठळी विरघळविणारे औषध गुणकारी ठरते, हे अमेरिकेतील चाचणीने 1995 साली दाखविले. त्याच चाचणीत मेंदूतील लक्षणयुक्त रक्तस्राव 6.4 टक्के रोग्यांत आढळला; हा धोका सर्वविदित आहे. भाषाभ्यासकाने विचारात घ्यावा असा परिणाम मात्र निराळा व विरळा आहे : जिभेला व ओठांना येणारी सूज. या औषधाने ब्रॅडिकायनिन वाढते. रक्तदाबासाठी एसीई-रोधक गोळ्या घेणाऱ्यांत त्याचे विघटन मंदावलेले असते, म्हणून सुजेचा संभव त्यांना अधिक. सूज पुष्कळदा जिभेच्या अर्ध्याच भागास येते, आणि तो भाग बहुधा लुळ्या पडलेल्या अंगाकडचाच असतो.

जगभर रूढ असलेल्या अमेरिकन पक्षाघात-श्रेणीची उणीव येथे उघडी पडते. या श्रेणीत उच्चारदोषाला 0 ते 2 गुण आहेत. रोग्याचे बोलणे कितपत कळते एवढेच ते गुण सांगतात. ते का कळत नाही, हे सांगत नाहीत. 1 चे 2 झाले की परीक्षकाच्या मनात प्रथम रक्तस्राव येणार, आणि ते योग्यच होय. परंतु त्याच वेळी जीभ सुजत असेल, तर श्वासमार्ग बंद होण्याची भीती असते. तोंडात नळी किंवा तत्सम भौतिक अडथळा असल्यास गुण देऊ नयेत, अशी सूचना श्रेणीतच आहे. सुजलेली जीभ हाही अडथळाच. पण जीभ पाहावी असे तिचे एकही कलम सांगत नाही.

वाचावयास दिलेली शब्दावलीही पाहण्याजोगी आहे. 'मामा' ओठांचा, 'टिप-टॉप' जिभेच्या शेंड्याचा. (पुढे 'हकलबेरी' व 'बेसबॉल प्लेयर' येतात, सोलापूरच्या रोग्याने त्यांचे काय करावे?) ध्वनींची ही निवड उच्चारस्थानांच्या जाणिवेने झाली आहे, पण गुण देताना ती जाणीव पुसली जाते. प, म ठीक उमटत असता ट, ळ बिघडू लागले, तर दोष जिभेत शोधावा, हे ध्वनिविज्ञानाचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मराठी शब्दावली रचणाऱ्याने ही नोंद स्वतंत्र ठेवावी.

वाचाघात झालेल्या रोग्याची अडचण याहून बिकट. 'जीभ जड झाली' हे वाक्यच त्याच्यापाशी उरलेले नसते. औषध चालू असताना व नंतरचे दोन तास दर 15 मिनिटांनी त्याची तपासणी होतेच. त्या प्रत्येक वेळी बॅटरीच्या उजेडात त्याची जीभ पाहण्यास काही क्षण पुरतात.